कोलमचा दात

रोज सकाळी माळ ओढून झाली की मी मिसेस हॉर्नब्रुकच्या नावानं एक वेगळी प्रार्थना करते. तिला भरपूर आयुष्य दे, असं देवाकडे मागते. फादरना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. शत्रूसाठी प्रार्थना करणारी माणसं या बेटावर फार नाहीत, म्हणाले. मी मान खाली घातली. मेलेल्या माणसाला काही आठवत नाही, एवढंच माझं कारण होतं, पण ते फादरनी विचारलं नाही.

मी साबिना हेनेगन. आयर्लंडात दुष्काळ पडला तेव्हा जमीनदाराच्या कारभाऱ्यानं आमचं घर पाडलं. माझा नवरा आत तापानं फणफणत होता. त्याला उचलून मी बांधाच्या आडोशाला ठेवलं, तिथेच तो गेला. मग मी कारभाऱ्याच्या गवताच्या गंजीला काडी लावली आणि पळाले नाही. जज्जनं विचारलं, पश्चात्ताप होतो का? मी म्हटलं, होतो, गवत ओलं होतं, नीट पेटलं नाही. सात वर्षं काळं पाणी झालं. तेव्हा मी पोटुशी होते.

कोलम जहाजावर जन्मला. वादळात सगळ्या बायका ओरडत होत्या आणि हा गप्प, मूठ माझ्या गळ्याच्या हाडावर ठेवून झोपलेला. ऑस्ट्रेलियाखालच्या या व्हॅन डीमन बेटाच्या धक्क्यावर उतरलो तेव्हाही तसाच झोपलेला होता.

बायकांच्या तुरुंगात कपडे धुण्याचं काम असे. मुलं पलीकडच्या खोलीत, आणि आया दूध पाजण्यापुरत्या आत. खोली ओली होती. एकेका खाटेवर मुलं मेथीच्या जुडीसारखी एकमेकांना चिकटून निजवलेली. बसायला काही नाही, आम्ही भिंतीला टेकून पाजायचो. ही खोली नीट लक्षात ठेवा.

एके दिवशी डॉक्टर आले. डरवेंट नदीच्या वरच्या अंगाला कॅप्टन हॉर्नब्रुकांचा मेंढ्यांचा मोठा मळा होता. त्यांच्या बायकोला मुलगा झाला होता आणि दूध नव्हतं. आम्हा काही जणींना रांगेत उभं करून डॉक्टरांनी जत्रेत गाय बघावी तसं बघितलं. दात बघितले. माझ्यावर बोट ठेवलं.

“माझं मूल?” मी विचारलं.

“ते इथे राहील. एकाचं दूध दोघांत गेलं तर दोन्ही किरकिरी होतात.”

मिसेस हॉर्नब्रुक गाडीत बसल्या होत्या. गोऱ्या, नाजूक, बाळंतपणानं खंगलेल्या. त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. खरंच धरला. “तू माझ्या लायनेलकडे बघ, हेनेगन. मी तुझ्या मुलाकडे बघेन. मी दर महिन्याला गावात येते. स्वतः जाऊन बघून येईन आणि तुला सांगेन. आईच्या शब्दावर विश्वास ठेव.”

मी ठेवला.

मळ्यावरच्या स्वयंपाकघरात पेग म्हणून म्हातारी होती, आमच्याच मुलखातली, शिक्षा संपूनही इथेच राहिलेली. तोंडानं तिखट. माझ्या पहिल्याच जेवणाला म्हणाली, “खा गं, खा. मेंढीचं मटण, लोणी, ताजं दूध. तुला देतायत असं समजू नकोस. नळाला पाणी घालतायत.”

महिन्याच्या महिन्याला बाईसाहेब गावाहून परतायच्या. मी लायनेलला घेऊन पायरीवर उभी असायची. “कोलम कसा आहे, बाईसाहेब?”

“छान आहे. अंगानं भरलाय.” टोपीच्या फिती सोडत त्या सांगायच्या. मग एकदा, “हेनेगन, गोड बातमी आहे. कोलमला दात आला! खालचा.”

मी स्वयंपाकघरात जाऊन पेगला मिठी मारली. तिच्या हातातलं पीठ माझ्या केसांना लागलं. त्या दिवशी मी सबंध माळ मारिया मातेचे आभार मानत ओढली. लायनेलला त्याच्या आधीच्या आठवड्यात दात आला होता. त्याचं मला काही वाटलं नाही. एका वयाची मुलं, बरोबरच दात येणार.

पुढच्या खेपेला कोलम रांगत होता. त्याच्या पुढच्या खेपेला खुर्चीचा पाय धरून उभा राहिला होता.

“खुर्चीचा?” मी विचारलं.

“हो. फार ऐटीत.”

त्या खोलीत खुर्ची नव्हती. पण आणली असेल, मी मनाला सांगितलं. मनाला सांगितलं की मन ऐकतं, आई असली की फारच ऐकतं.

लायनेलला एक खोड होती. शिंक आली की तो स्वतःच्याच शिंकेला हसायचा, आणि हसू ओसरलं की आणखी एक शिंक यायची वाट बघायचा. बाईसाहेबांना याचं फार कौतुक. एकदा त्या गावाहून आल्या, दमलेल्या होत्या, पाहुणे येणार होते. मी नेहमीचं विचारलं. त्या जिना चढता चढता म्हणाल्या, “कोलम ना? मजेत. काय गंमत आहे बघ, तोसुद्धा शिंकला की हसतो.”

मी तिथेच उभी राहिले. लायनेल माझ्या कडेवर होता. त्यानं माझ्या गळ्याच्या हाडावर मूठ ठेवली होती.

उन्हाळ्याच्या मोठ्या धुण्यासाठी तुरुंगातून एक बाई पाठवली गेली, विनी कॉइन. मी तिला ओळखत होते. आम्ही एका टबावर काम केलं होतं. मागच्या अंगणात चादरी पिळताना मी तिला विचारलं, माझा कोलम आता चालतो का?

विनीनं चादर सोडली. तिचं टोक मातीत पडलं.

“तुला सांगितलं नाही?”

“काय?”

“साबिना, अगं तो तर तू गेलीस आणि लगेचच… दुसऱ्याच आठवड्यात. जुलाब लागले होते सगळ्याच पोरांना.” तिनं इकडेतिकडे बघितलं. “मालकीण आली होती तुझी. मी तिथेच फरशी पुसत होते. तुरुंगाच्या मेट्रननं सांगितलं तिला. ती म्हणाली, हेनेगनला कुणी काही कळवू नका, मी स्वतः सांगेन. दुःखानं दूध आटतं, म्हणाली.”

आम्ही चादर पुन्हा धुतली. पिळली. दोरीवर टाकली. विनी रडत होती, मी नाही.

संध्याकाळी लायनेलला घेऊन मी पाजायला बसले. मला वाटलं होतं, आता दूध यायचं नाही. पण आलं. नेहमीसारखं भरून आलं. बाईसाहेबांची भीती खोटी होती. मला सांगितलं असतं तरी त्यांचा मुलगा जगला असता.

पेगनं माझ्यापुढे दुधाचा पेला ठेवला. मी तो सरकवला.

आमच्याकडे जुनी माणसं ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत दूध, लोणी, ताक, अंडं काही शिवत नाहीत. काळा उपास म्हणतात त्याला. मी पेगला म्हटलं, “मी काळा उपास धरलाय.”

“आता कुठला ईस्टर गं?”

“ईस्टरचा नाही. बाईसाहेब स्वतःच्या तोंडानं माझ्यासमोर म्हणतील, कोलम मेला आणि मला ठाऊक होतं. त्या दिवशी सोडीन.”

“आणि नाही म्हणाल्या तर?”

“म्हणतील.”

“तू आजच जाऊन भांड की! घाल शिव्या. मी येते बरोबर, लाटणं घेऊन.”

“भांडले तर उद्धटपणाबद्दल मला परत तुरुंगात धाडतील. कॅप्टनसाहेबच मॅजिस्ट्रेट. त्या म्हणतील, कैदी बाई, डोकं फिरलंय. आणि कोलम कधी नव्हताच असं होईल.” मी लायनेलच्या तोंडाला लागलेलं दूध पुसलं. “मला घाई नाही, पेग.”

पेगनं दुधाचा पेला उचलून पुन्हा सुरईत ओतला.

पुढच्या महिन्यात बाईसाहेब गावाहून आल्या. मी पायरीवर होते. “कोलम कसा आहे, बाईसाहेब?”

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “पावलं टाकतो.”

“देव तुमचं भलं करो,” मी म्हटलं.

माझ्या उपासाचं घरात कौतुक झालं. बाईसाहेब पाहुण्यांना सांगायच्या, “आमची हेनेगन फार देवभोळी. वर्षभर उपास करते! लोण्याला हात लावत नाही. ही कॅथलिक, पोपची माणसं कशी असतात बघा.” पाहुण्या बायका चष्मा लावून माझ्याकडे बघायच्या. एकीनं विचारलं, कशासाठी करतेस? मी म्हटलं, बाईसाहेबांसाठी. त्या दिवशी बाईसाहेबांनी मला स्वतःची जुनी शाल दिली.

शाल पांघरून मी लायनेलला अंगणातल्या पाण्याच्या पिंपाशी नेलं. पेगला हाक मारली.

“आता काय?”

“याची धर्ममाता हो.”

“अगं, त्यांच्या देवळात झालाय याचा बाप्तिस्मा. मी केक केला होता!”

“तो त्यांचा.” मी ओंजळीत पाणी घेतलं आणि त्याच्या डोक्यावर घातलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं त्याचं नाव कोलम ठेवलं. पाणी गार होतं. तो शिंकला आणि हसला.

पेगनं क्रुसाची खूण केली. “साबिना, तू या पोराला पोसतेस की पाजळतेस?”

मला तो आवडायचा. हे लिहिलं पाहिजे. त्याच्या पायाला काटा लागला तर माझा जीव कासावीस व्हायचा. पण सुरीसुद्धा माणूस प्रेमानंच जपतो.

अशा घरांतून मूल संध्याकाळी थोडा वेळ न्हाऊनमाखून दिवाणखान्यात दाखवायला नेतात. बाकीचा दिवस ते दाईचं. माझ्याकडे सगळा दिवस होता. मी त्याला आमच्या बोलीत बोलायला शिकवलं. बटाटे राखेत भाजायला शिकवलं. माळ शिकवली. आमच्या गावच्या विहिरीची, बांधाची, त्याच्या बाबांची गोष्ट सांगितली, म्हणजे माझ्या नवऱ्याची. दिवाणखान्यात तो लायनेल असायचा, पाठ केलेलं इंग्रजी म्हणून दाखवायचा, आणि दार लोटून बाहेर आला की धावत येऊन आमच्या बोलीत म्हणायचा, “आई, झालं एकदाचं.”

बाईसाहेबांना वाटे, मूल लाजाळू आहे.

मीही दर महिन्याला विचारणं सोडलं नाही. कोलम कसा आहे, बाईसाहेब? कधी तो पळत होता, कधी त्याला पडसं झालं होतं. एकदा त्या म्हणाल्या, त्याला आता अनाथांच्या शाळेत हलवलंय, तिथे भेट देत नाहीत. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हातमोजे शोधत राहिल्या. मी हातमोजे शोधून दिले.

लायनेल पाचव्या वर्षात असताना हिवाळ्यात घशाचा ताप आला. खेड्यातली मुलं पटापट गेली. मग आमच्याकडे आला. मुलाचा गळा सुजला, अंग भट्टीसारखं. डॉक्टर आले, मान हलवून गेले. दुपारी खिडकीतून चांगलं ऊन आत येत होतं, आणि बाईसाहेब पलंगाशी गुडघे टेकून हाका मारत होत्या, “लायनेल! लायनेल, डोळे उघड रे राजा!”

तो काही तरी पुटपुटत होता. आमच्या बोलीत.

“काय म्हणतोय तो?” त्यांनी मला विचारलं. “हेनेगन, काय म्हणतोय?”

तो म्हणत होता, आई, ही बाई इथून जाऊ दे, तू ये.

“छान आहे म्हणतो, बाईसाहेब,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, ओला फडका त्याच्या कपाळावर ठेवला आणि हळूच हाक मारली, “कोलम.”

त्यानं डोळे उघडले. हात वर करून क्रुसाची खूण केली, जशी मी शिकवली होती, आणि मूठ माझ्या गळ्याच्या हाडावर ठेवली.

बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या. “कोण कोलम?”

“तुम्हीच तर सांगत होता मला,” मी म्हटलं. आवाज चढवला नाही, पोर आजारी होतं. “कोलमला दात आला. कोलम रांगायला लागला. खुर्ची धरून उभा राहिला. शिंकला की हसतो. तोच हा. तुम्ही सांगितलेलं सगळं याच्याच अंगावर घडत होतं. मी नुसतं नाव लावलं.”

“हा लायनेल आहे. माझा मुलगा आहे हा!”

“मग माझा कोलम कुठे आहे, बाईसाहेब?”

त्यांचं तोंड उघडलं. मी वाट बघितली. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. घंटा वाजवून बाईसाहेबांनी कॅप्टनसाहेबांना बोलावलं.

तिसऱ्या दिवशी पोराचा ताप उतरला, आणि चौथ्या दिवशी मला गाडीत घालून परत तुरुंगात पाठवलं. उद्धटपणा, आणि मुलाचं डोकं फिरवल्याचा आरोप. मेट्रननं माझे केस कापले. माझे केस लांब होते, पेग म्हणायची, घोड्याला लाज वाटेल असे. जमिनीवर पडलेले बघून मला काही वाटलं नाही. पुन्हा टब, पुन्हा सोडा, पुन्हा विनी शेजारी.

“संपलं ना आता?” विनी म्हणाली. “तिनं काही कबूल केलं नाही. तुझा उपास फुकट गेला.”

“चादर पीळ,” मी म्हटलं.

सकाळच्या कांजीत त्या दिवसांत दूध घालत असत. मी माझी कांजी विनीला द्यायची. ती म्हणायची, असा राग रोज धरलास तर मी लठ्ठ होईन.

फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी धुण्याच्या अंगणात गलका थांबला. बघते तो, ओल्या चादरींच्या मधून बाईसाहेब येत होत्या. एकट्या. झग्याचा घेर साबणाच्या पाण्यात लोळत होता, आणि तो उचलून धरायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्या निम्म्या झाल्या होत्या.

“हेनेगन, चल. गाडी बाहेर आहे. मी मेट्रनची परवानगी घेतली आहे.”

मी हात पुसले नाहीत.

“तो खात नाही,” त्या म्हणाल्या. “रस्सा नाही, दूध नाही, काही नाही. तोंड भिंतीकडे करून पडतो. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर… माझ्याशी एक शब्द बोलत नाही. ती तुमची भाषा बोलतो. पेग म्हणते, मला समजत नाही. खोटं बोलते ती! चल ना.”

“हुकूम असेल तर येते, बाईसाहेब. पण त्याला भरवायचा हुकूम कॅप्टनसाहेबांनाही देता येणार नाही.”

“मग काय हवंय तुला? तुझी सुटका? मी बोलते त्यांच्याशी. काय हवंय?”

अंगणातल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. नळ कुणी तरी बंद केला. मी पायरीवर उभी राहायची तशी सरळ उभी राहिले, आणि त्याच आवाजात, दर महिन्याला विचारायची तसंच विचारलं.

“कोलम कसा आहे, बाईसाहेब?”

त्यांनी डोळे मिटले.

“सगळ्यांसमोर नको.”

“मला सगळ्यांसमोर चालेल.”

“गेला,” त्या म्हणाल्या. ऐकू येईल न येईल असं.

“कोण?”

“कोलम. कोलम गेला. मेला तो.”

“केव्हा?”

“तू आलीस त्याच्या पुढच्या आठवड्यात.”

“तुम्हाला केव्हा कळलं?”

“त्याच आठवड्यात.” त्या तिथेच, पाण्यात बसल्या. मी बसवलं नव्हतं. “मला ठाऊक होतं. तुला सांगितलं तर दूध आटेल असं वाटलं. माझं मूल मरेल असं वाटलं. तूही आई आहेस, हेनेगन, तू…”

“आणि दात?”

त्या रडायला लागल्या. मी थांबले. विनीनं माझी बाही ओढली, पुरे गं, म्हणाली. पण मला पुरे झालं नव्हतं.

“दात कुणाचा होता, बाईसाहेब?”

“लायनेलचा. लायनेलचा होता.”

“कुठे पुरलाय त्याला?”

त्यांनी वर बघितलं. चेहरा लाल, नाक वाहतंय, एखाद्या मार खाल्लेल्या पोरीसारखा. “मी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या.

एवढंच एक मला ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आजवर मला कळलेलं नाही. भिंतीपलीकडे बिनक्रुसाची जमीन आहे, तीतला कुठला तरी तुकडा.

मी हात पुसले आणि गाडीत जाऊन बसले. नदीच्या वळणावर त्यांनी त्यांची शाल काढून माझ्या कापलेल्या डोक्यावर टाकली. मी ती राहू दिली.

घरी पोचलो. पोर वरच्या खोलीत होतं. जिन्याच्या तळाशी बाईसाहेब थांबल्या, कठड्याला धरून त्यांनी वर हाक मारली. “लायनेल!”

वर काही हललं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

“कोलम,” त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, आवाज फाटला तरी मोठ्यानं, “कोलम, बघ कोण आलंय!”

अनवाणी पावलं जिन्यावरून धडधडत आली. तो बाईसाहेबांच्या अंगावरूनच गेला आणि मला येऊन धडकला, आमच्या बोलीत बोलत, रडत, माझे केस कुठे गेले म्हणत. किती हलका झाला होता. मी त्याला उचलून स्वयंपाकघरात नेलं. पेगनं बटाटे राखेत आधीच टाकून ठेवले होते.

बाईसाहेब दारात उभ्या होत्या. स्वतःच्याच घराच्या दारात, आत यावं की नाही ते न कळून.

“दूध मिळेल का मला?” मी विचारलं.

पेग उठायला लागली. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं, ती पुन्हा बसली. बाईसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं, सुरई कुठे असते ते त्यांना माहीत नव्हतं. मग सापडली. त्यांनी पेल्यात दूध ओतलं, थोडं टेबलावर सांडलं, आणि तो पेला दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे आणला.

मी क्रुसाची खूण केली. कोलमचं नाव घेतलं, पहिल्या कोलमचं. दूध सायीचं होतं, कोमट. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि पेला त्यांच्यासमोर धरला.

“आणखी एक,” मी म्हटलं.